सत्तर लाखांचं घड्याळ आणि आपल्याकडची हर्रासी

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय मनगटी घड्याळाचा आहे, पण तो फिरून आपल्याच दारात येतो.

मार्च २०२० मध्ये मुंबईत एक हर्रासी झाली. मुंबई-पुण्याकडं लिलाव म्हणतात, बातमीत आम्हीही लिलावच लिहितो. पण गोदावरीच्या वाळूघाटाचा असो नाहीतर जप्तीतल्या ट्रॅक्टरचा, आपल्या राणीसावरगावात किंवा गंगाखेडात तोंडात शब्द येतो हर्रासीच. निजामाच्या कचेऱ्यांतला शब्द, निजाम गेला तरी राहिला.

तर त्या हर्रासीत माल होता नीरव मोदीचा. ईडीने जप्त केलेला. सरकारी जप्तीचा माल म्हणलं की आपल्या डोळ्यांसमोर तहसीलच्या आवारात गंजत पडलेली वाहनं येतात. इथं तसं नव्हतं. ईडीने पहिल्यांदाच एका व्यावसायिक लिलावघराला, सॅफ्रनआर्टला, हे काम दिलं होतं. चकचकीत कॅटलॉग, एकेका वस्तूचे झकास फोटो, माहिती, अंदाजे किंमत. चित्रं होती, रोल्स रॉइस गाडी होती, बायकांच्या हातातल्या महागड्या पर्सा होत्या आणि घड्याळं होती. त्यातल्या दोन घड्याळांची बातम्यांत फार चर्चा झाली. एक पटेक फिलिपचं ‘नॉटिलस’, पांढऱ्या सोन्यात हिरे जडवलेलं. दुसरं जेगर-लकूल्त्रचं ‘रिव्हर्सो जायरोटूर्बियाँ २’. दोन्हींची अंदाजे किंमत सत्तर लाखांपर्यंत धरलेली.

ही बातमी मी तेव्हा चहाच्या टपरीवर वाचून दाखवली. एका आजोबांनी एकच प्रश्न विचारला, “चावी द्यावी लागती का त्याला?”

म्हणलं, त्या रिव्हर्सोला लागते. हातानेच द्यावी लागते.

“मग आपल्या जनतासारखंच की.”

आजोबांच्या हातात एचएमटी जनता होतं. त्यांनी विषय तिथंच संपवला, पण माझ्या डोक्यात तो राहिला. कारण या दोन्ही घड्याळांची जात मुळात खेळाची. इंग्रजीत त्यांना ‘स्पोर्ट्स वॉच’ म्हणतात. त्यातल्या रिव्हर्सोची तर जन्मकथाच आपल्या देशातली आहे.

कंपनी ती कथा अशी सांगते. १९३० च्या सुमारास सीझर द ट्रे नावाचा घड्याळांचा व्यापारी हिंदुस्थानात आला होता. इथले इंग्रज लष्करी अधिकारी पोलो खेळायचे. घोड्यावरचा खेळ, काठ्या फिरतात, चेंडू उडतो आणि घड्याळाची काच फुटते. या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडं तक्रार केली की खेळताना टिकेल असं घड्याळ द्या. द ट्रे स्वित्झर्लंडला परत गेला आणि घड्याळाची यंत्रं बनवणाऱ्या जाक-दाविद लकूल्त्रला त्याने हे काम सांगितलं. फ्रान्समधल्या रने-आल्फ्रेड शोवो नावाच्या अभियंत्याने उपाय काढला. घड्याळाची डबी तिच्या चौकटीत सरकवायची आणि उलटी करायची. काच आत, पोलादी पाठ बाहेर. चेंडू लागला तर पाठीला लागेल. खेळ संपला की परत सुलटं. पॅरिसमध्ये ४ मार्च १९३१ रोजी त्याच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. (मुंबईची हर्रासी ५ मार्चला झाली. ८९ वर्षं आणि एक दिवस. ईडीने काही हे बघून तारीख धरली नसणार. ती आधी फेब्रुवारीत होणार होती, पुढं ढकलली गेली.)

म्हणजे ही वस्तू मुळात कामाची होती. शेतकरी खुरप्याला मूठ बसवतो तशी, अडचण आली म्हणून केलेली. आता नीरव मोदीकडचं रिव्हर्सो बघा. त्यात टूर्बियाँ नावाचा पिंजरा असतो, जो घड्याळाचं मुख्य चाक घेऊन स्वतःभोवती फिरत राहतो. पृथ्वीच्या ओढीमुळं वेळेत पडणारा फरक कमी व्हावा म्हणून ब्रेगे नावाच्या कारागिराने १८०१ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. ते खिशातल्या घड्याळासाठी होतं, कारण ते दिवसभर एकाच अवस्थेत उभं असायचं. मनगट तर सारखंच हलतंय, तिथं तिची फारशी गरज नाही. तरी इथं तो पिंजरा एका नाही, दोन अक्षांवर फिरतो. बघायला भारी आहे, कारागिरी म्हणून हात जोडावेत अशी आहे. पण हे घालून पोलो कोण खेळेल? उलटं फिरायची सोय तेवढी राहिली, चेंडू लागायची भीती गेली.

नॉटिलसचं तसंच. १९७६ मध्ये जेराल्ड जेंटा या आरेखकाने जहाजाच्या गोल खिडकीवरून ते काढलं. पोलादी, १२० मीटर पाण्यापर्यंत टिकणारं. त्याच माणसाने आधी, १९७२ मध्ये, ऑडेमार्स पिगेसाठी ‘रॉयल ओक’ काढलं होतं. तेव्हा जपानच्या बॅटरीवरच्या घड्याळांनी स्विस कारखान्यांचं कंबरडं मोडायला सुरुवात केली होती. सायकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या डिसेंबरात बाजारात आलं. वेळ तर ते जास्त अचूक दाखवणार, आणि पुढं पुढं स्वस्तातही. मग स्विस लोकांनी विकायचं काय? त्यांनी उत्तर काढलं की पोलादाचंच घड्याळ सोन्याच्या भावाने विकायचं. खेळासाठीचं म्हणून विकायचं, पण ते घेणारा माणूस पोहायला उतरला नाही तरी चालेल. पुढच्या पन्नास वर्षांत हे उत्तर इतकं चाललं की अशा घड्याळांसाठी दुकानात वर्षानुवर्षं वाट बघावी लागते आणि हर्रासीत त्याच पोलादाला दुकानातल्यापेक्षा जास्त भाव येतो.

भाव येतो कशाचा, हे समजायला एक उदाहरण पुरे. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्स या लिलावघराने एक रोलेक्स डेटोना विकलं. मोटार शर्यतीसाठी बनवलेलं घड्याळ, नट पॉल न्यूमनचं. त्याच्या बायकोने त्याला दिलेलं, पाठीवर गाडी जपून चालवण्याची सूचना कोरलेली. त्या प्रकारची तबकडी नवीन होती तेव्हा लोकांना आवडली नव्हती, दुकानदारांकडं पडून राहायची. न्यूमनने ते पुढं मुलीच्या मित्राला असंच देऊन टाकलं. हर्रासीत त्याला मिळाले एक कोटी सत्याहत्तर लाख डॉलर, तेव्हाच्या हिशोबाने आपले शंभर कोटींच्या वर. त्यात सोनं नव्हतं, हिरा नव्हता. पोलाद होतं, आणि कोणाच्या मनगटावर होतं ही गोष्ट होती.

आपल्याकडंही मनगटाचा इतिहास काही लहान नाही. फेवर-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ मध्येच मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनीचीही मुंबईत पेढी होती. पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधणं हे त्या काळी बायकी समजलं जायचं, पुरुषाचं घड्याळ खिशात. पहिल्या महायुद्धाने ते बदललं. खंदकात खिशातून घड्याळ काढायला सवड कोणाला? मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी फौजेत वेस्ट एंडची घड्याळं पोचली. त्यांच्या एका प्रकाराचं नावच ‘सोवार’, म्हणजे स्वार. याच आघाडीवर मराठा पलटणी लढल्या, कूटच्या वेढ्यात अडकल्या, कैदेत गेल्या. जे परत आले त्यांच्यापैकी कोणाकोणाच्या हातात ते घड्याळ गावात आलं. ते खरं मैदानी घड्याळ, आणि ते सातारा-कोकणातल्या जुन्या फौजी घरांत अजून सापडतं.

फेवर-ल्यूबाने १९६२ मध्ये ‘बिवोआक’ काढलं. मनगटी घड्याळात हवेचा दाब आणि उंची दाखवणारं यंत्र, गिर्यारोहकांसाठी. एव्हरेस्टवर जाणारी पहिली स्त्री, जपानची जुन्को ताबेई, १९७५ मध्ये तेच घालून गेली होती. आणि ही कंपनी आपल्याकडच्या लग्नात, मास्तरांच्या निरोप समारंभात दिली जायची. आमच्या लहानपणी गावात कोणाकडं ‘फेवर-ल्यूबा’ आहे म्हणलं की तो माणूस एक तर शिक्षक, नाहीतर तलाठी, नाहीतर सासरा तालेवार.

एचएमटीने हे सगळं खाली आणलं, चांगल्या अर्थाने. १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने कारखाना निघाला. जनता, पायलट, सोना. मराठवाड्यात हुंड्याच्या यादीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही तीन नावं कितीतरी वर्षं होती. ती वाईट गोष्ट होतीच, लपवायचं कारण नाही. पण त्या घड्याळावर लोकांचा जीव होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या तुकड्यात निवड करकरून धानाचं नवं वाण काढलं. ते वाण लोकांत पसरलं ते एचएमटी या नावाने, त्या घड्याळाच्या नावाने. आज किराणा दुकानात आपण एचएमटी तांदूळ मागतो तेव्हा हे कोणाला आठवत नाही. दादाजी ३ जून २०१८ ला गेले. शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या खर्चाची ओढाताण होती. एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायला केंद्राने २०१६ मध्ये मंजुरी दिली. घड्याळही गेलं, दादाजीही गेले, तांदूळ तेवढा राहिला.

आता परत नीरव मोदीकडं.

मुंबईच्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेची हमीपत्रं निघत होती. त्या कागदावर परदेशातल्या बँकांनी पैसे दिले, आणि या हमीची नोंद बँकेच्या स्वतःच्या संगणकात होतच नव्हती. १४ फेब्रुवारी २०१८ ला बँकेने शेअर बाजाराला कळवलं तेव्हा आकडा ११ हजार कोटींच्या वर होता, पुढं तो १३ हजार कोटींपलीकडं गेला. यात मामा मेहुल चोक्सीही आला. भाचा १ जानेवारीलाच देश सोडून गेला होता. १९ मार्च २०१९ ला लंडनमध्ये अटक झाली, २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने भारताकडं सोपवायचा निकाल दिला, २०२२ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

५ मार्चच्या हर्रासीत एकूण सुमारे ५१ कोटी आले. त्यातला मोठा वाटा चित्रांचा. अमृता शेरगिलचं एक चित्र साडेपंधरा कोटींच्या वर गेलं, हुसेन यांचं महाभारतावरचं तेरा कोटींच्या वर, आणि आपल्या नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं नऊ कोटींच्या वर. घड्याळं, पर्सा, गाड्या ही किरकोळ भर. ईडीने हे काम नीट केलं असं मी म्हणेन. गोदामात सडवण्यापेक्षा जाणकाराकडून विकून घेतलं, चांगला भाव आला. पुढं डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की नीरव मोदी प्रकरणात १,०५२ कोटी रुपये बँकांना परत मिळालेत. त्या तेरा हजारांपुढं हे ठेवून बघा.

मला टोचतं ते वेगळंच.

मार्च २०२० चा तोच आठवडा आठवा. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेच्या पहिल्या याद्या फेब्रुवारीच्या शेवटी लागल्या होत्या. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज माफ, पण आधी आधार प्रमाणीकरण. आपल्याकडं लोक केंद्रावर अंगठा लावायला रांगेत उभे होते. कापूस वेचून, ऊस तोडून घासलेले अंगठे, मशीन उचलत नव्हतं. मी त्या बातम्या करत होतो. एकीकडं मोबाइलवर सत्तर लाखांच्या घड्याळाची बातमी, दुसरीकडं यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव एका वेलांटीने जुळत नाही म्हणून परत पाठवलेला माणूस. सत्तर लाखांत दोन-दोन लाखांची पस्तीस खाती कोरी होतात. हा भागाकार मी तिथंच वहीत केला होता.

आणि आपल्याकडची हर्रासी कशी होते? मागं आपल्या भागातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. हप्ते थकले होते, ते खरंच थकले होते. पण विकला कधी, कोणाला, किती बोल्या आल्या, कशाचाच त्याला पत्ता नाही. काही महिन्यांनी कागद आला: ट्रॅक्टर इतक्याला गेला, अजून इतके तुमच्याकडं निघतात. फोटो नाही, जाणकार नाही, अंदाजे किंमत नाही. एकाच देशात पळून गेलेल्याच्या घड्याळाला मखमल मिळते आणि गावात राहिलेल्याच्या ट्रॅक्टरला यार्डातला चिखल.

हे दुखणं नवीन नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर धाव घेतली. तेव्हाही राग निव्वळ व्याजाचा नव्हता. इंग्रजांची दिवाणी न्यायालयं आली, सावकाराला हुकूमनामा मिळायला लागला आणि त्यावर जमीन, गुरं हर्रासीला निघायला लागली. लोकांनी बहुतेक ठिकाणी माणसं मारली नाहीत, कर्जरोखे हिसकावून जाळले. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. मग सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपण निजामाच्या राज्यात होतो, आपल्यापर्यंत तो आला नाही.

त्याच नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खंडाळा गाव आहे. नीरव मोदीच्या कंपनीने तिथं कोरडवाहू जमिनी घेऊन सौरऊर्जा प्रकल्प टाकला होता. घोटाळा बाहेर आल्यावर मार्च २०१८ मध्ये दोनेकशे शेतकरी बैलगाड्या घेऊन त्या जमिनीत शिरले, तिरंगा लावला, नांगर घातला. ‘काळी आई मुक्ती संग्राम’ असं नाव दिलं त्यांनी. त्यांचं म्हणणं होतं की जमीन मातीमोल भावात आमच्याकडून घेतली आणि तीच पुढं कर्जासाठी दाखवली. दुष्काळी पट्ट्यात विकणाऱ्याला भाव ठरवायची सवड नसते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते आंदोलन प्रतीकात्मक होतं, दिवसभराची बातमी झाली आणि संपली. त्या जमिनीचा फोटो मी पाहिला, मागं सौर तक्ते आणि पुढं बैलजोडी. कॅटलॉगमधल्या एकाही फोटोपेक्षा मला तो जास्त लक्षात आहे.

तर आता कामाचं. ज्यांच्या घरी नोटीस आली आहे त्यांनी हे नीट वाचा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जप्ती करताना अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतीची लागणारी अवजारं, गुरं आणि बियाणं उचलता येत नाही. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, बँकेचा माणूस त्याच्या नावाने दम देत असेल तर कोणत्या कायद्याखाली, हे लेखी मागा. ट्रॅक्टर कर्जाला तारण असेल तर प्रकरण वेगळं, तो त्यांना नेता येतो. पण रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाप्रमाणे फायनान्स कंपनीच्या करारात ताबा घेण्याआधीची नोटीस, ताब्याची रीत, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी आणि विक्रीची पद्धत लिहिलेली असली पाहिजे. करार तुमच्या भाषेत किंवा तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला पाहिजे. त्याची प्रत तुमच्याकडं नसेल तर आजच मागा. ट्रॅक्टर नेताना तासांचं मीटर, टायर, इंजिन नंबर यांचे फोटो काढून ठेवा, पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, आणि विकल्यावर किती बोल्या आल्या याची लेखी माहिती मागा.

आणि एक. हल्ली मोटारसायकलवर फिरून जुनी घड्याळं घेणारे गावात येतात. दोन-चारशे रुपयांत एचएमटी, फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड उचलतात. शहरात त्याचे शौकीन आहेत, तिथं ते त्याच भावाने विकत नाहीत. बंद पडलेलं असलं तरी देऊ नका, तबकडीचा आणि पाठीचा फोटो काढून मला पाठवा. नोटिशीचा फोटोही त्याच नंबरवर पाठवला तरी चालेल, बहुतेकांकडं तो आहेच. वाचून, विचारून सांगतो.